पिशवीबाहेर आलेलं सुईचं टोक

डोंबिवली,
१२ डिसेंबर

चि. सोनूस,


तुझा फोन ठेवल्यापासून एकच चित्र डोळ्यांपुढे आहे. शनिवारची दुपार, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तुझ्या बाबांचा, आमच्या भाऊजींचा, निळा स्वेटर, आणि विणणाऱ्या बायकांचा गट जिथे जमतो त्या सोसायटीच्या फाटकाशी तू उभी. आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येतोय. दोन मिनिटं थांबलीस आणि वळून घरी आलीस. "उशीर झाला होता गं मावशी, मध्येच कसं जाऊन बसायचं?" असं म्हणालीस. पण त्यांची वेळ चारची, आणि तू चारला पाच कमी असताना तिथे पोचली होतीस, हेही तूच बोलता बोलता सांगून गेलीस.

मी तेव्हा काही म्हटलं नाही. फोनवर मी घाईने सांगते आणि तू घाईने "हो हो" म्हणतेस. म्हणून आज दुपारी भांडी आवरून लिहायला बसले आहे. तू फाटकापर्यंत गेलीस याचं मला फार बरं वाटलं, हे आधी सांगते. लोकरीच्या दुकानात लावलेला कागद वाचून, वेळ आणि पत्ता टिपून घेऊन, शनिवारची झोप मोडून तू तिथवर गेलीस. राहिलं ते पायऱ्या चढणं.

तुझं म्हणणं असं की आधी थोडं नीट येऊ दे, मग जाईन. याच मुद्द्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे तू स्वतःवर अन्याय करते आहेस आणि तो तुझ्या लक्षातही आलेला नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तुझा पहिला स्वेटर आठव. राखाडी रंगाचा. तोही भाऊजींसाठीच घेतला होतास. एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ लावून, त्यांनी सांगितले तेवढेच टाके घातलेस, तेवढ्याच ओळी विणल्यास, त्यांनी सांगितल्या म्हणून आठ नंबरच्या सुया आणल्यास. तीन महिन्यांनी अंगात घालून पाहिला तर छातीत चार-पाच इंच अरुंद. शेवटी तो शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला दिलास. तेव्हापासून तू सगळ्यांना सांगतेस, "माझा हात घट्ट आहे." विणणारीचा हात घट्ट असणं म्हणजे काय हे तुला कुणी दाखवलेलं नव्हतं, तरी तू ते मान्य करून टाकलंस.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले तेव्हा मी त्या सुया हातात घेऊन पाहिल्या. तुळशीबागेतून आणलेल्या, आपल्याकडच्या आठ नंबरच्या. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्लिश मापाने चालतात. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे पावणेतीन. नंबर वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकेत याच्या उलट आहे, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि त्यांची आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. म्हणजे त्या बाई ज्या सुईवर विणत होत्या तिच्यापेक्षा एक मिलिमीटर बारीक सुईवर तू अख्खा स्वेटर विणलास. तो अरुंद होणारच होता. क्रोशातही हाच घोटाळा आहे. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडात डबल क्रोशे. नमुना कुठल्या देशातला आहे हे कळल्याशिवाय सुई हातात घेऊ नये, हे विणणाऱ्या बायका एकमेकींना पहिल्या दिवशी सांगतात.

तुला ते कुणी सांगितलं नाही, कारण तुझ्या शेजारी कुणी बसलेलं नव्हतं. व्हिडिओतल्या बाईंना तुझ्या हातातली सुई दिसत नाही. तुझ्या समोर बसलेल्या एखादीने एकदा पाहिलं असतं तरी म्हणाली असती, "अगं, ही सुई बारीक आहे." तेवढ्या एका वाक्याअभावी तू दोन वर्षं आपल्या हाताला नावं ठेवलीस. एकटीने शिकणाऱ्या माणसाचं हेच होतं, सोनू. चूक झाली की ती आपलीच असं धरून चालतो, आणि मग जी खरोखर आपली असते ती मात्र दिसत नाही.

अशीही एक आहे. निळ्या स्वेटरचा गळा तू दोनदा विणलास आणि दोन्ही वेळा तो डोक्यातून जाईना. गेल्या रविवारी पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तुझ्या सुलट टाक्यांना पीळ पडलाय. प्रत्येक टाक्याचे दोन पाय बुडाशी एकमेकांवर चढलेत. हल्ली हात भरभर चालावा म्हणून तू उलट टाका घेताना लोकर सुईच्या खालून ओढून घेतेस, हे मी तुझ्याकडे असतानाच पाहिलं होतं. तसं घ्यायलाही हरकत नाही, पण मग तो टाका सुईवर उलटा बसतो आणि पुढच्या ओळीत तो मागच्या पायातून विणावा लागतो. तू नेहमीसारखा पुढून विणतेस. त्यामुळे पीळ पडतो, आणि पिळाची वीण ताणली जात नाही. गळा आवळला तो या पिळाने. तुझा हात चांगला मोकळा आहे.

आता हे वाचून तुला कळलं का? खरं सांग. मी फोनवर हेच तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू म्हणालीस, "मागचा पाय म्हणजे कुठला?" यात तुझ्या समजुतीचा दोष नाही. हे कागदावर उतरत नाही. कुणीतरी तुझ्या बाजूला बसून, तुझ्याच सुईवरचा टाका बोटाने पुढे सरकवून "हा" म्हणायला हवं. मी डोंबिवलीला, तू पुण्यात, आणि माझे गुडघे आता महिन्याला प्रवास करू देत नाहीत.

मी स्वतः कशी शिकले ते तुला कधी सविस्तर सांगितलेलं नाही. तुला वाटतं, आजीने शिकवलं. टाके घालायला आजीने शिकवलं हे खरं. पण बाकी सगळं मी सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात शिकले.

१९८६ ला मला फोर्टात नोकरी लागली. डोंबिवली ते व्ही.टी., जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. कल्याणहून गाडी भरूनच यायची. खिडकीपाशी सहा-सात जणींचा एक कंपू असायचा. कुणी गवार मोडत असे, कुणी मटार सोलत असे, आणि तिघी विणत असत. माझ्या पर्समध्येही सुया होत्या आणि एक अर्धवट टोपडं होतं, तुझ्या दादासाठी चाललेलं. चार महिने मी ते बाहेर काढलं नाही. त्या तिघींचे हात असे चालायचे की खाली बघावंही लागत नसे. गप्पा मारत, स्टेशनं ओलांडत, त्या मुंढ्याचे टाके कमी करायच्या. मी उभ्याने बघायचे आणि मनात म्हणायचे, यांच्यासमोर आपण काय काढायचं?

एके दिवशी त्यांतल्या सगळ्यांत थोरल्या, कल्याणच्या काकू, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पिशवीतून सुईचं टोक बाहेर आलंय गं तुझ्या. कुणाला तरी लागेल. काढ बाहेर." मी काढलं. त्यांनी टोपडं हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि काही न बोलता परत दिलं. मला वाटलं, संपलं. मग ठाणं आलं तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बस. माझी वेळ झाली उभं राहायची." त्या डब्यात ठाण्यापर्यंत एकीने बसायचं आणि पुढे दुसरीला जागा द्यायची असा रिवाज होता. त्या दिवसापासून त्या रिवाजात मीही होते. टोपड्याबद्दल त्या दुसऱ्या दिवशी बोलल्या, "कड घट्ट झालीये, बाळाच्या कपाळाला वळ उठेल. टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घे." बस, एवढंच. तेव्हापासून आजवर मी प्रत्येक कड तशीच बंद केली आहे.

तू म्हणतेस, त्या सगळ्या एकमेकींना ओळखतात. ओळखतातच. तुझे पहिले दोन शनिवार थोडे अवघड जातील. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, तुला माहीत नसलेल्या माणसांच्या गोष्टी चालतील आणि तू बाहेरची राहशील. हे मी लपवणार नाही. पण विणणाऱ्या बायकांत बसण्यात एक मोठी सोय आहे, जी हळदीकुंकवात नाही, भिशीत नाही, लग्नात तर मुळीच नाही. तिथे काही बोललं नाही तर हातांचं काय करावं कळत नाही, चेहऱ्याचंही कळत नाही. इथे हात कामात असतात आणि मान खाली असते. तासभर गप्प राहिलीस तरी कुणाला वावगं वाटत नाही, टाके मोजते आहे असंच धरतात. तुझ्यासारख्या अबोल मुलीला याहून सोपी बैठक मला तरी माहीत नाही. आणि तू ज्या नजरांना घाबरतेस ना, त्या नजरा आपापल्या सुईवर असतात. नजर हलली की टाका गळतो.

लोकर तू डाव्या हातात धरतेस आणि आपल्याकडच्या बायका उजव्या, याचंही तुला दडपण आहे. उगीच. जर्मनीत आणि युरोपात इतरही अनेक ठिकाणी डाव्या हातातच धरतात. आपल्याकडे हे काम इंग्रज मडमांकडून आणि मिशनच्या शाळांमधून आलं, म्हणून उजवा हात रुळला. पोर्तुगालमधल्या बायका तर लोकर मानेमागून घेऊन विणतात. टाका तिन्हीकडे तोच पडतो. कुणी विचारलंच तर दाखव. विणणाऱ्या बायकांना दुसरीचा हात बघायला आवडतं.

आजीचं एक सांगते, मग पुढे जाते. १९६२ च्या लढाईत देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणले. आजी तेव्हा नाशिकला होती, लग्नाला दोन वर्षं झालेली. गल्लीतल्या बायका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात जमायच्या. आजीला स्वेटर येत होता, पण मोज्याची टाच वळवता येत नव्हती. चार सुयांवरचं काम, मध्येच ओळ अर्धी सोडून परत फिरायचं, भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. ती टाच ती तिथे एका अनोळखी बाईंशेजारी बसून शिकली. त्या बाईंचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही, पण टाच आठवत होती. तीच टाच तिने मला दाखवली. तुझ्या बाळंतविड्यातले जे पिवळे मोजे ताईने अजून जपून ठेवलेत, त्यांची टाच त्याच बाईंची आहे. आपल्या घरात जे काही विणलं गेलं त्यातलं बरंचसं असं कुणा ना कुणाच्या शेजारी बसून आलेलं आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू म्हणशील मावशी फक्त गोडच सांगते. सगळे गट चांगले नसतात. निवृत्त झाल्यावर मी इथल्याच एका गटात जायला लागले. तिसऱ्या वेळी तिथल्या एका बाईंनी माझ्या हातातून काम घेतलं, "हे चुकलंय" म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत सुया काढून आठ ओळी उसवल्या. नमुना माझा होता, चूक नव्हती, जाळी मुद्दाम एका बाजूला घेतली होती. मला ते फार लागलं. घरी येऊन रडले. परत तिथे गेले नाही आणि पुढचं वर्षभर कुठेच गेले नाही. त्या वर्षाची मला आजही हळहळ वाटते. एका बाईमुळे मी सगळ्याच बायकांना नाकारलं.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेव. तुझं काम तुझ्या परवानगीशिवाय कुणी उसवायचं नाही. कुणी हात घालू लागलं तर शांतपणे म्हण, "तुम्ही सांगा, मी करते." चांगली शिकवणारी बाई हे ऐकून हात मागे घेते. जिला राग येतो तिच्यापासून चार खुर्च्या लांब बसावं. तीन शनिवार जा. तिसऱ्यानंतरही घरी येताना मन खट्टू होत असेल तर सोडून दे, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण फाटकावरून परत येणं मी धरत नाही. आत गेलेले तीन शनिवार धरते.

छंदाचं बंधन होईल, ही तुझी भीती मला समजते. आठवडाभर त्या कॉम्प्युटरपुढे दुसऱ्यांच्या तारखा सांभाळतेस, विणताना तरी कुणी तारीख देऊ नये असं वाटणं रास्त आहे. गटांत एकत्र कामं निघतात हे खरं. २०१६ साली चेन्नईत क्रोशे करणाऱ्या बायकांच्या गटाने सगळ्यांत मोठ्या पांघरुणाचा गिनीज विक्रम केला, अकरा हजार चौरस मीटरच्या वर. बायकांनी आपापले तुकडे विणले आणि मग ते जोडले. कुणाला त्यात आनंद वाटतो. तुला नको असेल तर "मला एवढा स्वेटर पुरा करायचाय" म्हणून मोकळी हो. तेवढं उत्तर कुणालाही पटतं.

आणि लोकरीच्या किमतीचं मनातून काढून टाक. कुणी बाहेरून मागवलेली मेरिनो घेऊन बसलेली असेल, तू लुधियानाची साधी ॲक्रिलिक काढ. मशीनमध्ये धुता येते, बोचत नाही, आणि पुण्याच्या थंडीला पुरून उरते. हां, एक मात्र बघून ठेव. निळी लोकर बाहीला कमी पडेल असं मला वाटतंय. दुकानात तोच शेड नंबर मिळाला तरी गुंड्याच्या पट्टीवरचा लॉट जुळायला हवा, नाहीतर उन्हात दोन निळे दिसतात. नाही मिळाला तर गटात विचार. विणणाऱ्या बायकांच्या कपाटात उरलेले गुंडे किती असतात याची तुला कल्पना नाही. माझी एक बाही घाटकोपरला चढणाऱ्या एका बाईंच्या उरलेल्या गुंड्यावर पुरी झाली आहे.

पहिल्या दिवशी काय न्यायचं, हेही तू विचारलंस. तुझी ती सुंदर पांढरी शाल नेऊ नकोस. ती बघून सगळ्या "वा" म्हणतील आणि तुला शिकवायचं काही उरलं नाही असं समजून आपापल्या कामाला लागतील. निळा स्वेटर ने, बिघडलेल्या गळ्यासकट. अडलेलं काम हातात असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. सोबत एखादं साधं काम ठेव, नुसत्या सुलट ओळींचा मफलर वगैरे, म्हणजे गप्पा ऐकताना हात चालू राहतील. जाळीचा नमुना पहिल्या दिवशी नको, मोजताना कुणी बोललं की ओळ चुकेल आणि तू घाबरशील. खायला काही करून नेऊ नकोस, त्यांचे रिवाज काय आहेत ते आधी बघ. उजेडाजवळची खुर्ची घे, निळ्यावर टाके लवकर दिसत नाहीत. शेजारी जी बसेल तिला विचार, "तुमचं काय चाललंय?" बाकी ती बोलेल. मग तुझा गळा दाखव आणि म्हण, "माझ्या मावशीने फोटोत बघितलं, ती म्हणते टाक्यांना पीळ आहे. मागचा पाय कुठला ते दाखवता का?" नेमकं एवढंच. नवीन मुलीने असं विचारलं की थोरल्या बायकांना किती बरं वाटतं, हे मी आता त्यांच्या वयाची झाल्यावर सांगू शकते.

गळा उसवावा लागेल. उसवण्याआधी शेवटच्या चांगल्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून दाभणाने पांढरा दोरा ओवून घे, म्हणजे त्याच्या खाली उसवणार नाही. टाके परत उचलताना ते सुईवर सरळ बसलेत ना, हे त्या बाईंकडून बघून घे. आणि बंद करताना जाड सुई, कल्याणच्या काकूंची. पाठ आणि पुढचा भाग पिळाचाच राहील, राहू दे. अंगात तो बसतो आहे, आणि भाऊजी काही टाके मोजत बसणार नाहीत.

फेब्रुवारीत त्यांची सत्तरी आहे. ताईने मला सांगितलंय की पहिला स्वेटर त्या मुलाला दिलास तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी नवा स्वेटर घेतलेला नाही. जुना कोपरावर विरलाय, तोच घालतात.

येता शनिवार, चार वाजता. सुईचं टोक पिशवीबाहेर राहू दे. रात्री फोन कर आणि गळा उसवला की नाही, तेवढं सांग.

तुझी,
मावशी